किल्ली कोणाच्या कमरेला?

गेल्या महिन्यात इंग्लंडच्या आठव्या हेन्रीच्या राण्यांवरच्या प्रश्नांना उत्तरं दिली आणि वाटलं, संपला विषय. कसलं काय! पोस्टमन रोज दारात. राण्या राहिल्या बाजूला, वाचकांचं सगळं लक्ष त्यांच्या आसपास वावरणाऱ्या माणसांकडे: हुजरे, दासी, मैत्रिणी, कानाशी लागणारे. त्यातले सहा प्रश्न आज घेते. नेहमीप्रमाणे नावं छापत नाही, गावं छापते. पहिल्या पत्रात माझीच चूक पकडली आहे, तेव्हा ती आधी निस्तरते.

"बाई, गेल्या अंकात जाता जाता तुम्ही 'पहिल्या चार्ल्सला फाशी दिली' असं लिहिलंत. त्याचा तर शिरच्छेद झाला होता ना? चूक तुमची की छापखान्याची?" (नाशिक)

माझी. छापखान्यावर ढकलता आलं असतं, पण मूळ कागद माझ्याच अक्षरात आहे. एकतीस वर्षं मुलांच्या पेपरात याच वाक्याला लाल रेघ मारली, आणि आता मीच तिथे घसरले.

शिरच्छेदच. ३० जानेवारी १६४९, लंडनमधल्या व्हाइटहॉलच्या मेजवानी दालनासमोर. त्या दालनाचं छत रूबेन्सने रंगवलेलं आहे. आपला बाप, पहिला जेम्स, स्वर्गाला चाललाय असं चित्र चार्ल्सनेच सांगून काढून घेतलं होतं. त्याच छताखालून त्याला बाहेर मचाणावर नेलं. थंडी कडाक्याची होती. कुडकुडलो तर लोक म्हणतील राजा भ्यायला, म्हणून त्याने त्या सकाळी दोन सदरे मागून घेतले. आणि ताटकळावं किती लागलं! सकाळी दहाच्या सुमारास आणलेला माणूस दुपारी दोनपर्यंत बसून. कारण ऐन वेळी पार्लमेंटच्या लक्षात आलं, की राजा मेला त्याच क्षणी त्याचा मुलगा आपोआप राजा होतो. मग 'कोणाही नव्या राजाच्या नावाची द्वाही फिरवू नये' असा कायदा घाईघाईने करून घेतला, आणि मग कुऱ्हाड चालली.

फाशी झाली ती राजाविरुद्ध लढलेल्या पार्लमेंटच्या पुढाऱ्याला, क्रॉमवेलला, आणि तीही मेल्यानंतर. तो १६५८ मध्ये आजाराने गेला. राजेशाही परत आल्यावर, बरोबर त्याच तारखेला, ३० जानेवारी १६६१ रोजी, त्याचं प्रेत उकरून टायबर्नला लटकवलं आणि मुंडकं तोडून वेस्टमिन्स्टर हॉलवर खांबाला टोचलं. ते तिथे वीस वर्षांहून जास्त राहिलं. पुढे हातोहाती फिरत फिरत अखेर १९६० मध्ये केंब्रिजच्या एका कॉलेजात पुरलं गेलं. तेव्हा नाशिककरांना दंडवत, आणि मला एक गुण वजा.

"राजाच्या शौचाची व्यवस्था पाहणारं 'ग्रूम ऑफ द स्टूल' असं पद इंग्लंडच्या दरबारात होतं आणि त्यासाठी बड्या घरची माणसं धडपडत, असं वाचलं. हे खरं, की कोणी गंमत केली आहे?" (सातारा)

खरं आहे. आणि हे 'स्टूल' म्हणजे चार पायांचं बसायचं स्टूल नव्हे, हेही तुमच्या लक्षात आलेलं दिसतं.

माझी मुलगी लंडनच्या पश्चिमेला राहते. तिच्याकडून हॅम्प्टन कोर्टच्या राजवाड्याला बसने जाता येतं. दोन वर्षांपूर्वी गुडघ्यांची समजूत घालत गेले. तिथे तिसऱ्या विल्यमच्या काळातली अशी एक पेटी आहे, म्हणजे हेन्रीनंतर दीडशे वर्षांनी केलेली. लाल मखमलीने मढवलेली, झाकण उघडलं की गादीची बैठक, मधे भोक, खाली भांडं. माझ्या पुढे एक शाळकरी पोरगा उभा होता. त्याने आईला मोठ्याने विचारलं, "पण मग ते रिकामं कोण करायचं?" इतिहासाचा इतका नेमका प्रश्न मला वर्गात फार कमी वेळा मिळाला.

पण पेटीपेक्षा महत्त्वाची आहे तिथवर पोहोचायची वाट. आपल्या जुन्या घरात ओसरीवर कोणीही टेकतो, सोप्यावर ओळखीचा येतो, माजघरात घरचेच. तसंच तिथे. आधी पहारेकऱ्यांचं दालन, मग राजा दर्शन देतो ते, मग खासगी दालन, मग बैठक, मग शयनगृह, मग त्याच्याही आतली छोटी खोली. प्रत्येक दाराशी गाळणी. पहिल्या दालनात शंभर माणसं असतील, तर शेवटच्या खोलीत राजा आणि अजून एक. तो 'अजून एक' कोण, यावर अख्ख्या दरबाराची नजर. कारण राजा तिथे एकटा सापडतो. जहागिरीची गोष्ट, जावयाच्या नोकरीची गोष्ट, अमक्याची चुगली, सगळं तिथे हळूच घालता येतं. आणि ज्याच्यावर इतका विश्वास, त्याच्याकडेच राजाचा हातखर्चाचा पैसाही असायचा. भांडं उचलणारे खालचे नोकर वेगळे असणार. याच्या हाती होतं दार.

आठव्या हेन्रीकडे या पदावर असलेल्या हेन्री नॉरिसचं उदाहरण घ्या. १५२६ मध्ये कार्डिनल वुल्सीने राजवाड्याचे नवे नियम केले. राजाभोवतीची गर्दी कमी करायची, म्हणजे आपल्याखेरीज कोणी कानाशी लागायला नको, हा हेतू. त्या नियमांत लिहिलं, की शयनगृहात आणि खासगी जागी राजाच्या मागे जायचं ते फक्त नॉरिसने, बाकीच्यांनी बोलावल्याशिवाय नाही. वुल्सी तेव्हा इंग्लंडचा खरा कारभारी. हॅम्प्टन कोर्टही मुळात त्यानेच उभारलेलं. तीनच वर्षांनी, १५२९ मध्ये, राजाची मर्जी खप्पा झाली. पद गेलं, वाडे गेले, आणि कार्डिनल खेचरावर बसून लंडन सोडून चालला. पटनीच्या चढावर मागून घोडा आला. त्यावर नॉरिस. राजाची अंगठी घेऊन आला होता, काळजी करू नका असा निरोप होता. वुल्सी खेचरावरून उतरला आणि चिखलात गुडघे टेकून बसला. डोक्यावरची टोपी काढायला गेला तर फितीची गाठ सुटेना, तेव्हा ती हिसडून तोडली. सगळी कारकीर्द राजाशेजारी घालवलेला माणूस राजाच्या हुजऱ्यापुढे चिखलात! वुल्सीला कळलं होतं की आत जायची वाट आता या माणसाकडे आहे.

आता नॉरिसचं पुढे काय झालं ते ऐका. १५३६ च्या एप्रिलअखेर हेन्रीची दुसरी राणी ॲन बोलिन त्याला रागाच्या भरात बोलून गेली, की राजाचं काही बरंवाईट झालं तर तुमचा डोळा माझ्यावर आहे. राजाच्या मृत्यूची नुसती कल्पना करणं हाच तिथे राजद्रोह. शब्द तोंडातून गेला तो गेला. १ मेला ग्रीनिचला घोडेस्वारांच्या झुंजी चालल्या होत्या. हेन्री मधेच उठला आणि लंडनकडे निघाला, नॉरिसला बरोबर घेऊन. वाटभर शेजारी घोडा चालवत एकच धोशा: राणीशी संबंध होते हे कबूल कर, माफ करतो. नॉरिसने कबूल केलं नाही. १७ मेला टॉवर हिलवर त्याचं डोकं उडालं, आणखी चौघांबरोबर. त्यात ॲनचा सख्खा भाऊ. १९ मेला ॲन गेली. दहा वर्षं ज्याने राजाला सगळ्यात उघड्या अवस्थेत पाहिलं, त्याला राजाने एका दुपारच्या घोडेस्वारीत मोडीत काढलं. मला हेन्रीच्या सहा बायकांच्या गोष्टींपेक्षाही या प्रसंगाने जास्त धडकी भरते.

आणि हेन्रीच्या काळातला शेवटचा मानकरी, सर अँथनी डेनी. हेन्री अखेरीस इतका जड आणि आजारी झाला होता की सह्या करणं नको वाटे. मग १५४५ पासून सहीचा शिक्का वापरू लागले. शिक्का कागदावर दाबायचा, सहीचा नुसता वळ उठायचा, आणि विल्यम क्लार्क नावाच्या कारकुनाने त्या वळावर शाईची लेखणी फिरवायची. हा शिक्का डेनीच्या मंडळींच्या हाती. 'ध'चा 'मा' करायला आपल्याकडे निदान अक्षर तरी खोडावं लागलं! हेन्रीच्या मृत्युपत्रावर ३० डिसेंबर १५४६ ची तारीख आहे आणि खाली हीच शिक्क्याची सही. त्या मृत्युपत्राने हेन्रीच्या थोरल्या बहिणीचा स्कॉटलंडमधला वंश गादीच्या रांगेतून वगळला होता. म्हणून पुढे स्कॉटलंडच्या मेरी राणीचे लोक म्हणत राहिले, की राजाने स्वतःच्या हाताने सही केलीच नाही, मग हे मृत्युपत्र कसलं?

राजा मरणार हे बोलणंसुद्धा गुन्हा, त्यामुळे वैद्य गप्प. शेवटी तयारी करा असं हेन्रीला सांगितलं ते डेनीने. २८ जानेवारी १५४७ ला राजा गेला, आणि तीन दिवस बाहेर पत्ता लागू दिला नाही. जेवणाची ताटं रोजच्यासारखी तुताऱ्या वाजवत आत जात होती.

पुढे या पदाच्या नावाचं रूप बदललं. 'स्टूल'चं 'स्टोल' झालं, म्हणजे जणू राजाच्या झग्याशी संबंध. पद मात्र तेच, आणि खूण म्हणून कमरेला सोन्याची किल्ली. ही किल्ली लक्षात ठेवा, पुढे परत येणार आहे.

"बाई, मी आठवीत आहे. मुंबई आंदण आणणाऱ्या राणीनेच इंग्लंडला चहा शिकवला का? आमच्या सरांनी सांगितलं." (कराड)

अर्धं बरोबर. पोर्तुगालची राजकन्या कॅथरीन दुसऱ्या चार्ल्सशी लग्नासाठी १६६२ मध्ये पोर्ट्समथला उतरली, पण लंडनमध्ये चहा त्याआधीच विकत मिळत होता. नौदलाच्या कचेरीतला सॅम्युअल पेप्स नावाचा एक गृहस्थ रोज रोजनिशी लिहायचा. त्याने १६६० च्या सप्टेंबरातच पहिल्यांदा चहा प्यायल्याची नोंद केली आहे. राणीमुळे चहा बड्या घरच्या बायकांत प्रतिष्ठेचा झाला, एवढं मात्र खरं. बोटीतून उतरल्यावर तिने चहा मागितला आणि समोर बीअर आली, अशी एक गोष्ट सांगतात. सरांना माझा नमस्कार सांग.

"मुंबई हुंड्यात दिली हे सगळ्यांना माहीत आहे. पण म्हणजे नेमकं काय झालं? एका माणसाने दुसऱ्याला कागद दिला आणि बेट इंग्रजांचं झालं?" (ठाणे)

इतकं सोपं असतं तर साडेतीन वर्षं लागली नसती.

दुसरा चार्ल्स आणि पोर्तुगालची राजकन्या कॅथरीन ऑफ ब्रॅगांझा यांच्या लग्नाचा तह २३ जून १६६१ चा. पोर्तुगालला स्पेनविरुद्ध मदत हवी होती, चार्ल्सला पैसा. वीस लाख क्रुझादो, मोरोक्कोच्या किनाऱ्यावरचं टँजियर आणि मुंबईचं बंदर व बेट असं ठरलं. रोकड मोजायची वेळ आली तेव्हा वधूपक्षाने बरीचशी रक्कम साखर आणि मसाल्यांच्या रूपाने जहाजात भरली. ठाण्याच्या मंडळींना लग्नातले रुसवेफुगवे मी सांगायला नकोत.

सप्टेंबर १६६२ मध्ये सर अब्राहम शिपमन चारेकशे शिपाई घेऊन मुंबईच्या बंदरात हजर. पण पोर्तुगिजांचा इथला व्हाइसरॉय आंतोनियो दि मेलो इ कास्त्रो बेट सोडायला तयार नाही. तुमच्या अधिकारपत्राचा मसुदा बरोबर नाही, पुन्हा आणा. (सरकारी कचेरीत चकरा मारलेल्यांनी उसासा टाकावा.) सुरतेला उतरावं तर तिथले कंपनीवाले म्हणाले, इतके शिपाई पाहून मोगलांचा सुभेदार बिथरेल, इथे नको. मग ही फौज गेली कारवारजवळच्या अंजदीव बेटावर. ना धड पाणी, ना अन्न, पावसाळे अंगावर. माणसं पटापट मेली. शिपमनही १६६४ मध्ये तिथेच गेला. चारशेंपैकी मुंबई पाहायला शंभराच्या आसपास उरले. राजाच्या लग्नातल्या आंदणासाठी अंजदीवच्या वाळूत तीनशे पोरं गाडली गेली, हे आपल्या पाठ्यपुस्तकात एका ओळीतही येत नाही.

शिपमनचा चिटणीस हम्फ्री कुक याने शेवटी १८ फेब्रुवारी १६६५ ला ताबा घेतला. जागा, दोना इग्नेझ दि मिरांडा या पोर्तुगीज विधवेचा वाडा. ताब्याच्या कागदात लिहून ठेवलंय, की कुकने त्या जमिनीवर चालून, हातात माती आणि दगड घेऊन, बुरुजांवर फिरून ताबा घेतला. हातातली माती! कागदाला तेवढंच जडत्व. ही जागा आज एशियाटिकच्या टाउन हॉलच्या मागे, नौदलाच्या आवारात आहे. मी एकदा मोठ्या उत्साहाने गेले होते. पहारेकऱ्याने "आजी, परवानगी लागते" म्हणून गोड बोलून परत पाठवलं. शिपमनचं दुःख थोडंसं कळलं.

कास्त्रोने आपल्या राजाला कळवलं होतं, की इंग्रज मुंबईत ज्या दिवशी ठाण मांडतील त्याच दिवशी हिंदुस्थान हातचा जाईल. त्याची दृष्टी साफ होती. चार्ल्सला मात्र हे बेट म्हणजे नसती खर्चाची बाब. २७ मार्च १६६८ च्या सनदेने त्याने ते ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकलं. भाडं वर्षाला १० पौंड, सोन्यात, दर ३० सप्टेंबरला.

आता नवरीचं काय झालं, हे तुम्ही विचारलेलं नाही, तरी सांगते. मधुचंद्र हॅम्प्टन कोर्टला, त्याच पेटीच्या वाड्यात. चार्ल्सने राणीच्या खासगी दासींची यादी तिच्यापुढे ठेवली. पहिलंच नाव लेडी कॅसलमेन, बार्बरा. राजाचं अंगवस्त्र, त्याच उन्हाळ्यात त्याच्या मुलाची आई झालेली. कॅथरीनला लिस्बनमध्येच सावध केलेलं होतं. तिने ते नाव खोडलं. मग एके दिवशी चार्ल्स स्वतः एका बाईचा हात धरून भर दरबारात आला. राणीने हसून तिला पुढे होऊ दिलं, मग कोणीतरी कानात नाव सांगितलं. राणीच्या डोळ्यांत पाणी आलं, नाकातून रक्त वाहू लागलं आणि ती जागीच कोसळली.

सवत घरात येण्याचा प्रकार आपल्याला नवा नाही. पण सवतीला स्वतःची खास दासी म्हणून नेमायचं, तिच्या हातून कपडे घालून घ्यायचे? चार्ल्सने तर आपल्या मुख्य मंत्र्याला, चॅन्सेलर क्लॅरेंडनला, लिहून कळवलं, की या बाबतीत जो बार्बराच्या आड येईल त्याचा मी जन्मभराचा वैरी. बिचाऱ्या क्लॅरेंडनला मनाविरुद्ध राणीची समजूत घालायला जावं लागलं. बरोबर आलेल्या पोर्तुगीज बायकांना बहुतेक परत पाठवलं गेलं. एकटी पडलेली पोर किती तग धरणार? शेवटी तिने मान तुकवली.

क्लॅरेंडनलाही बार्बराने सोडलं नाही. ऑगस्ट १६६७ मध्ये त्याचं पद गेलं आणि म्हातारा राजवाड्याच्या बागेतून खाली मान घालून निघाला, तेव्हा बाईसाहेब दुपारी बाराला बिछान्यातून उठून, अंगावर नुसता झोपायचा सदरा, अशा अवस्थेत पाखरांच्या सज्ज्यात धावत आल्या आणि त्याला जाताना पाहून खिदळत उभ्या राहिल्या. हेही त्या पेप्सनेच टिपलंय. क्लॅरेंडन फ्रान्सला पळाला आणि तिथेच वारला. पण त्याची मुलगी राजाच्या भावाला दिलेली होती, आणि तिच्या दोन्ही मुली पुढे इंग्लंडच्या राण्या झाल्या. बार्बराच्या नशिबी ते नव्हतं. कॅथरीन मात्र चार्ल्सच्या मागे लिस्बनला परत गेली आणि अखेरच्या काळात तिने भावाच्या वतीने पोर्तुगालचा कारभारही पाहिला. चांगला पाहिला म्हणतात.

"राणी ॲन आणि तिची मैत्रीण सॅरा यांच्या भांडणामुळे युरोपातलं युद्ध थांबलं, असं एका भाषणात ऐकलं. बायकांच्या भांडणावर सगळं ढकलायची ही सवय आहे की त्यात तथ्य आहे?" (कोल्हापूर)

सवयही आहे आणि तथ्यही आहे.

ॲन ही क्लॅरेंडनची नात. लाजरी, नजर अधू. सतरा वेळा दिवस गेले, त्यातला एकच मुलगा जरा मोठा झाला, तोही १७०० मध्ये अकराव्या वर्षी गेला. १७०२ मध्ये राज्याभिषेकाला तिला संधिवाताने चालवेना, खुर्चीत बसवून न्यावं लागलं. सॅरा जेनिंग्ज तिची लहानपणापासूनची मैत्रीण: देखणी, हिशेबी, तोंडाने फटकळ. पत्रांत मानपान आड नको म्हणून दोघींनी टोपणनावं घेतली. ॲन झाली मिसेस मॉर्ली आणि सॅरा मिसेस फ्रीमन. १६८८ च्या क्रांतीत ॲनने बापाची, म्हणजे राजा दुसऱ्या जेम्सची, बाजू सोडली, तेव्हा रात्री मागच्या जिन्याने तिला राजवाड्यातून बाहेर काढणारी सॅराच. हा मागचा जिनाही लक्षात ठेवा.

ॲन राणी झाली आणि सगळं सॅराच्या ओटीत आलं. राणीच्या वस्त्रांची मुखत्यारी, खासगी खजिना, आणि ग्रूम ऑफ द स्टोलचं पद. आली की नाही सोन्याची किल्ली! नवरा जॉन चर्चिल, ड्यूक ऑफ मार्लबरो, फ्रान्सविरुद्ध लढणाऱ्या सैन्याचा सेनापती. १३ ऑगस्ट १७०४ ला ब्लेनहाइमची लढाई जिंकल्यावर घोड्यावर बसल्या बसल्या त्याने चिठ्ठी खरडली, खानावळीच्या बिलाच्या पाठीवर. ती चिठ्ठी राणीला नव्हे, सॅराला. 'राणीला माझा मुजरा सांग आणि कळव, की तिच्या सैन्याला मोठा विजय मिळाला आहे.' विजयाची बातमी आधी बायकोला, मग तिच्या हातून राणीला. या एका बिलात त्या दरबाराची सगळी रचना दिसते.

सॅराचं बिघडलं कुठे? माझ्या मते ती राणीला राणी समजेनाशी झाली. राणीचा ओढा टोरी पक्षाकडे, सॅरा त्यांच्या विरोधातल्या व्हिग पक्षाची. रोज पत्रातून उपदेश, वाद, टोमणे. आणि तीन-तीन पदं भोगत महिनोन्‌महिने दरबारात फिरकायची नाही. त्या काळात राणीचे दुखरे पाय कोण शेकत होतं? ॲबिगेल हिल. सॅराचीच नात्यातली, बापाचं दिवाळं निघालेलं, सॅरानेच दया येऊन कामाला लावलेली. हातावर पाणी घालायचं, मोजे-हातमोजे चढवायचे, रात्री उशाशी बसायचं. हळू बोलणारी, वाद न घालणारी. दुखण्याने हैराण बाईला दुसरं काय हवं असतं?

१७०७ मध्ये ॲबिगेलने सॅम्युअल मॅशमशी गुपचूप लग्न केलं, आणि त्या लग्नाला राणी स्वतः हजर होती. सॅराला हे उशिरा कळलं, आणि मग आठवलं की राणीने मधेच खासगी खजिन्यातून दोन हजार गिनी मागवल्या होत्या त्या कशाला. हिशेबाच्या वहीतून सवत सापडली म्हणायची. शिवाय टोरी पुढारी रॉबर्ट हार्ली ॲबिगेलचाही नातेवाईक. त्याला ती राणीकडे मागच्या जिन्याने आणायची. तोच मार्ग, फक्त दिवा धरणारी बदलली.

पुढचा तमाशा जाहीर झाला. ऑगस्ट १७०८ मध्ये दुसऱ्या एका विजयाच्या प्रार्थनेला सेंट पॉलला जाताना, सॅराने काढून ठेवलेले दागिने राणीने घातले नाहीत म्हणून सॅरा गाडीतच भांडली आणि चर्चच्या दारात लोकांदेखत राणीला म्हणाली, गप्प राहा. एप्रिल १७१० मध्ये केन्सिंग्टनला दोघींची शेवटची भेट. सॅरा रडली, जाब विचारला, तासभर बोलत राहिली. राणीचं प्रत्येक वेळी एकच उत्तर: 'काय असेल ते लिहून कळवा.' चाळीस वर्षांच्या मैत्रीला कचेरीचं उत्तर!

जानेवारी १७११ मध्ये राणीने किल्ली परत मागितली. ब्लेनहाइमचा विजेता बायकोच्या नोकरीसाठी राणीपुढे गुडघ्यावर बसला. उपयोग झाला नाही. घरी येऊन सांगितलं, तर सॅराने किल्ली काढून जमिनीवर फेकली म्हणतात. आणि लगेच हिशेब मांडला. राणीने पूर्वी देऊ केलेले वर्षाचे दोन हजार पौंड आपण नाकारले होते, ते नऊ वर्षांचे अठरा हजार आता द्या. मिळाले! किल्ली गेली डचेस ऑफ सॉमरसेटकडे, खजिना ॲबिगेलकडे. वर्षाअखेर मार्लबरोचंही सेनापतिपद काढून घेतलं.

तर तुमचा प्रश्न. युद्ध दहा वर्षं चाललं होतं, कर वाढले होते, लोक कंटाळले होते. १७१० च्या निवडणुकीत टोरी निवडून आले ते तहाच्या बोलीवर. १७१३ चा उट्रेक्टचा तह दोन बायकांच्या भांडणाशिवायही झाला असता. पण तो वरच्या सभागृहात अडकला, तेव्हा बहुमतासाठी राणीने एकदम बारा नवे लॉर्ड केले. त्यातला एक कोण? सॅम्युअल मॅशम, ॲबिगेलचा नवरा. भाषण करणाऱ्यांना एवढं जरूर सांगा.

"व्हिक्टोरिया राणीच्या भारतीय मुन्शीला तिच्या मृत्यूनंतर इतकं वाईट का वागवलं?" (डोंबिवली)

व्हिक्टोरिया १८३७ मध्ये गादीवर आली तेव्हा ते स्टोलचं पद राजगादीपुरतं बंद झालं. पण पद बंद झालं म्हणून जवळचा माणूस लागत नाही थोडाच.

अब्दुल करीम आग्र्याचा, चोवीस वर्षांचा. जून १८८७ मध्ये, सुवर्णमहोत्सवाच्या दिवसांत, ताटं वाढायला म्हणून आला. दोनच महिन्यांत राणी त्याच्याकडून हिंदुस्थानी शिकू लागली आणि पुढे तो 'मुन्शी' झाला. राणी सह्या करताना शाई टिपायला हा शेजारी उभा. हेन्रीचा शिक्का आठवला ना? राजकागदाच्या तितक्या जवळ उभा असलेला माणूस इतरांना कधीच सहन होत नाही. त्यात हा काळा, मुसलमान आणि मूळचा ताट वाढणारा. त्याने बाप मोठा डॉक्टर असल्याचं सांगितलं होतं. राणीचा एक अधिकारी आग्र्याला जाऊन चौकशी करून आला: तुरुंगातला औषधं देणारा. राणी म्हणाली, तुम्ही चुकीच्या माणसाला भेटलात. १८९७ मध्ये राणी त्याला दक्षिण फ्रान्सला बरोबर नेणार म्हटल्यावर सगळ्या दरबारी मंडळींनी राजीनाम्याची धमकी दिली. राणीने रागाने टेबलावरचं सगळं सामान हाताने झटकून जमिनीवर पाडलं. मुन्शी फ्रान्सला गेला.

तो शहाण्यासारखा वागत होता असं मी म्हणणार नाही. मानपानाचा हव्यास त्याला होताच. पण त्याच्यावर तुटून पडलेल्यांत त्या हव्यासापासून दूर असलेला एक तरी होता का?

२२ जानेवारी १९०१ ला राणी गेली. शवपेटी बंद करण्यापूर्वी तिच्या मुलाने, नवा राजा सातव्या एडवर्डने, मुन्शीला आत जाऊन शेवटचं पाहू दिलं. आणि मग थोड्याच दिवसांत त्याच्या फ्रॉगमोरच्या घरावर माणसं पाठवली. राणीने त्याला लिहिलेली पत्रं, चिठ्ठ्या, सगळं बाहेर काढून दारातच जाळलं आणि त्याला आग्र्याला परत धाडलं. तिथे तो १९०९ मध्ये वारला. राणीने त्याच्याकडून शिकताना उर्दूत भरलेल्या तेरा वह्या मात्र विंडसरमध्ये शिल्लक राहिल्या. त्या राणीच्या हस्ताक्षरातल्या.